परक्यास दान आणि उपकारस्मरण

आभारप्रदर्शनाच्या उपासनेत पुष्कळदा असे सांगण्यात येते की, आपल्याहून दुःखी लोकांकडे पाहावे, म्हणजे देवाचे आपल्यावरील उपकार ध्यानात येतात. हे सांगणे सोपे आहे. परंतु शास्त्राच्या कसोटीस ते उतरत नाही. लूक १८ मधील परूशीही देवाचे आभार मानतो व दशांश देतो. मात्र त्याचे आभार जकातदाराशी केलेल्या तुलनेवर उभे असतात. परक्यास केलेल्या दानाने आपली दृष्टी निवळते हे खरे. पण ती तुलनेने नव्हे, तर स्मरणाने निवळते. हा भेद स्पष्ट करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अनुवाद १०:१९ मध्ये उपऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे. इस्राएल लोक स्वतः मिसर देशात उपरे होते, हे तिचे कारण. अनुवाद २६ मध्ये हाच विचार उपासनेचे रूप घेतो. प्रथम उपजाची टोपली अर्पण करताना शेतकरी आपल्या भटक्या पूर्वजाची व मिसरातील दास्याची आठवण मुखाने उच्चारतो, आणि त्यानंतरच्या आनंदात लेवी व उपरा यांना वाटा असतो (व. ११). त्या उपऱ्याच्या रूपाने इस्राएलाची पूर्वस्थितीच त्याच्या पंक्तीला बसलेली असते.

२ करिंथ ८ व ९ या अध्यायांत पौलाने देवाची कृपा, मंडळीचे दान आणि देवाचे आभार या तिहींसाठी ‘खारिस’ हा एकच ग्रीक शब्द योजिला आहे. मासेदोनियातील दरिद्री मंडळ्यांनी कधी न पाहिलेल्या यरुशलेमकरांसाठी वर्गणी दिली, ती कृपा मिळाली म्हणून. कृपा दानाच्या वाटेने आभाररूपाने देवाकडे परत जाते.

आपल्या मंडळीच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण मरण पावली. त्या स्वतः भावासह उपाशीपोटी देशभर पायी हिंडल्या. पुढे १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो निराधार मुलींना व विधवांना त्यांनी आश्रयास आणले. ज्या भुकेने त्यांचे घर मोडले होते, तीच भूक त्यांना त्या अनोळखी मुलींच्या चेहऱ्यांवर दिसली. केडगावचे मुक्ती सदन याच कार्यातून वाढले.

त्या मध्य प्रांताचा मोठा भाग आज मध्य प्रदेशात आहे. याच राज्यातील इंदूर शहरात होळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. तेथील सुदामा नगर या वसाहतीच्या नावातही धर्मशिक्षकास एक दृष्टांत सापडेल. भागवतातील कथेप्रमाणे सुदाम्याने नेलेले पोहे त्याच्या घरचे नव्हते. ते त्याच्या पत्नीने शेजाऱ्यांकडून मागून आणले होते. देणाऱ्याच्या हातातील मूठही आधी कोणाकडून तरी मिळालेली असते. मंदिरासाठी अर्पणे जमली तेव्हा दाविदानेही हेच कबूल केले (१ इतिहास २९:१४).

यावरून सेवाकार्यासाठी तीन सूचना करता येतील. पहिली, अर्पण गोळा करण्यापूर्वी, आपल्या अडचणीच्या काळी कोणत्या परक्याने हात दिला, याचे स्मरण मंडळीस करावयास लावावे. दुसरी, केवळ धान्य वाटून न थांबता देणाऱ्याने घेणाऱ्याबरोबर भोजनास बसावे. परगावाहून कामासाठी किंवा शिक्षणासाठी आलेला एकटा भाडेकरूही त्या पंक्तीस असावा. तिसरी, घेणाऱ्यास व्यासपीठावर उभे करून त्याच्याकडून आभार वदवून घेऊ नयेत. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले आणि परत आला तो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे परका (लूक १७:११-१९). तरी इतर नऊ जणांचे आरोग्य काढून घेतले गेले नाही. परक्यास देताना आपण स्वतः त्या परत आलेल्या शोमरोन्याच्या जागी आहोत, हे मंडळीस शिकवावे.