मधोमध थांबलेला काटा

बीएमडब्ल्यूच्या ई-३६ पिढीतील एम ३ या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचे तापमान दाखवणारा एक काटा आहे. गाडी सुरू केल्यावर तो हळूहळू वर चढतो आणि मधोमध येऊन थांबतो. त्यानंतर गाडी रहदारीत रखडलेली असो की मोकळ्या रस्त्यावर धावत असो, तो जागचा हलत नाही. चालकाला हे आश्वासक वाटते, आणि वाटावे म्हणूनच ते तसे केलेले आहे. मधल्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात तापमान खाली-वर झाले तरी काट्याने जागा सोडू नये, अशीच त्याची रचना आहे. तो लाल पट्टीकडे निघालेला दिसतो तेव्हा बिघाडाची सुरुवात केव्हाच मागे पडलेली असते. दोन पिढ्यांनंतरच्या ३३५आय गाडीत तर कंपनीने पाण्याचा काटाच काढून टाकला. तिथे इंजिन ऑइलचे तापमान दिसते, पाण्याचे दिसत नाही. या गाड्या घरच्या गॅरेजात स्वतः दुरुस्त करणारे हौशी लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत आणि त्यांची एक रीत बाहेरच्या माणसाला विचित्र वाटते. गाडी उत्तम चालत असताना, एक थेंबही गळत नसताना ते रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज पाइप एकदमच काढतात आणि नवे बसवतात. वरवर ही उधळपट्टी दिसते. माझ्या मते या यंत्रणेचा स्वभाव नेमका ओळखणारी हीच रीत आहे, आणि ती धंद्याच्या वर्कशॉपपेक्षा घरी अधिक नीट पाळता येते.

असे का, हे कळण्यासाठी पाण्याला काय करावे लागते ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक-तृतीयांश ऊर्जा कामाला येते, एक मोठा वाटा सायलेन्सरवाटे धुराबरोबर जातो आणि उरलेली बरीचशी उष्णता इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या एम ३चे सहा सिलिंडरचे इंजिन २४० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे १७९ किलोवॉटचे. ते पूर्ण जोरात असताना रेडिएटरला शंभर किलोवॉटच्या आसपास उष्णता हवेत सोडावी लागते. घरातले दोन किलोवॉटचे पन्नास गिझर एकाच वेळी सुरू केल्यासारखे ते आहे. एवढी उष्णता वाहून नेणारे पाणी उकळू नये म्हणून दोन उपाय असतात. निम्मे इथिलीन ग्लायकॉल मिसळायचे, आणि झाकण घट्ट लावून सगळी यंत्रणा दाबाखाली ठेवायची. असे निम्मे-निम्मे मिश्रण साधारण एक बार जादा दाबाखाली १२९ अंश सेल्सिअसला उकळते. म्हणजे चालत्या गाडीतले पाणी शंभर अंशांच्या पुढे गेले तरी ते पाणीच राहते. पण हे सारे दाबावर अवलंबून आहे. कुठेतरी केसाएवढी भेग पडली, दाब उतरला, की तेच पाणी एका क्षणात वाफ होते आणि वाफेला फारशी उष्णता वाहून नेता येत नाही.

आता हा दाब धरून ठेवणारे भाग कशाचे आहेत, ते बघा. रेडिएटरची जाळी अ‍ॅल्युमिनियमची, पण तिच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या. वरचा होज पाइप ज्या तोटीवर चढतो ती तोटी नायलॉनची. पाण्याची छोटी टाकी प्लॅस्टिकची, हवा काढण्याचा स्क्रू प्लॅस्टिकचा, थर्मोस्टॅटचे घर प्लॅस्टिकचे. काही काळ तर पंपाच्या पोटातला, पाणी ढकलणारा पंखाही प्लॅस्टिकचाच होता. हा पदार्थ हलका आणि स्वस्त आहे, साच्यातून हव्या त्या आकारात निघतो, नवा असताना मजबूतही असतो. पण गरम पाणी आणि ग्लायकॉल नायलॉनच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडत राहतात. वर्षे जातात तसे प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी पडते, ठिसूळ होते, आणि एक दिवस रेडिएटरची तोटी होजसकट हातात येते. ही झीज धातूच्या झिजेसारखी नाही. बेअरिंग आधी आवाज करते, ब्रेकचे पॅड किंचाळतात. नायलॉन मात्र तुटेपर्यंत धड दिसते. सगळ्यात फसवा प्रकार पंपातल्या प्लॅस्टिकच्या पंख्याचा: तो तडकून दांड्यावर सैल फिरू लागला तरी बाहेर पट्टा फिरतो, पुली फिरते, गळती शून्य. पाणी मात्र जागचे हलत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की या यंत्रणेत एखादा भाग बिघडतो असे म्हणणेच अपुरे आहे. एकाच वर्षी, एकाच पदार्थाचे बनलेले, त्याच तापमानात तितकाच काळ उकडलेले सगळे भाग एकदम म्हातारे होत असतात. त्यातला एक फक्त आधी हात टेकतो. मुरलेल्या गळतीमुळे दाब थोडा उतरलेला असतो तोवर बाकीचे म्हातारे कसेबसे उभे असतात. तेवढी एक टाकी नवी घातली की यंत्रणेत पुन्हा पूर्ण दाब तयार होतो, आणि तो सोसण्याची पाळी येते जुन्या तोटीवर. एकेक भाग बदलत गेलेल्या गाड्या पुन्हा पुन्हा रस्त्यात उभ्या राहतात त्याचे कारण कारागिराची चूक हे क्वचितच असते. वर्कशॉपची तरी अडचण समजण्यासारखी आहे. गिऱ्हाईक एक गळती घेऊन येते. त्याला दहा भागांची यादी दिली तर ‘लुटतोय’ असा संशय येतो, आणि तासावारी मजुरी लावून ते काम केले तर जुन्या गाडीच्या मानाने बिलही डोळ्यांत येते. घरी मजुरीचा प्रश्नच नाही. शिवाय पंपापर्यंत पोचायला पंखा, त्याचे प्लॅस्टिकचे आवरण आणि पट्टे काढावेच लागतात. मग रेडिएटर सोडवणे, थर्मोस्टॅट बदलणे हे उरलेल्या दुपारचे काम असते. पाच वेळा तेच उघडण्यापेक्षा एकदाच सगळे उघडणे, हा या हिशोबाचा गाभा आहे.

काम अवघड आहे का? ताकदीपेक्षा माहितीचे आहे. पंखा ज्या ३२ मिलिमीटरच्या नटाने पंपाच्या दांड्यावर बसतो त्याचे आटे उलटे आहेत; हे न कळलेला माणूस तासभर तो घट्टच करत बसतो. पाना लावून त्याच्या टोकावर हातोडीचा एक झटका द्यायचा, तोही उलट दिशेने, आणि नट सुटतो. पंप चार नटांवर असतो, पण वर्षानुवर्षे बसल्याजागी चिकटलेला असल्यामुळे नट काढूनही येत नाही. त्याला पटाशीने उचकटायचे नसते, कारण ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात तो बसतो त्याला ओरखडा गेला तर नवी रबरी रिंगही गळेल. पंपाच्या कडेला आट्यांची दोन भोके मुद्दाम ठेवलेली आहेत. त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने पिळत गेले की पंप आपणहून सरळ बाहेर येतो. बनवणाऱ्याने दुरुस्ती करणाऱ्याचा इतका विचार केला होता, हे पाहून बरे वाटते. तोच विचार प्लॅस्टिक निवडताना कुठे गेला होता, हा प्रश्नही पडतो.

खरी कसोटी पाणी भरताना लागते. या यंत्रणेत हवा अडकली तर ती इंजिनाच्या माथ्याशी, म्हणजे सर्वांत गरम जागी जाऊन बसते. तापमान मोजणारा सेन्सर त्या हवेच्या बुडबुड्यात सापडला तर काटा खोटे बोलतो. तो मधोमध, आणि शेजारी धातू भाजतोय. म्हणून गाडीचे तोंड उंच करायचे, इग्निशन चालू करून हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा मंद ठेवायचा, म्हणजे हीटरचा झडपमार्ग उघडतो. मग स्क्रू सैल करून हळूहळू ओतत राहायचे, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत. घाई करणाऱ्याला हे जमत नाही आणि तासावारी पैसे घेणाऱ्या वर्कशॉपात घाई असतेच. गाडी रात्रभर थंड होऊ देऊन सकाळी पातळी पुन्हा पाहणे हे घरीच परवडते. पाणी डिस्टिल्डच हवे. बोअरवेलच्या जड पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चुन्याचे थर धरतात. आपल्याकडे खंडाळ्याच्या किंवा खंबाटकीच्या घाटात बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या, मिळेल ते पाणी ओतून पुन्हा चालू लागलेल्या अँबॅसिडर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा सोवळेपणा वाटेल. पण अँबॅसिडरच्या जुन्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचे. एम ३मध्ये ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. एकदा बेसुमार तापले की हेड वाकते, गॅस्केट उडते, आणि हेड उतरवून फेस करून घेण्याचा खर्च सबंध कूलिंग नवे करण्याच्या कितीतरी पट होतो. तिथे घाटातली उदारता नाही.

यावर पहिला आक्षेप असा की मग सगळे भाग धातूचेच का बसवू नयेत, दर काही वर्षांनी तेच प्लॅस्टिक कशाला? आक्षेपात तथ्य आहे, आणि घरगुती दुरुस्ती करणारे थर्मोस्टॅटचे घर अ‍ॅल्युमिनियमचे आणि पंपाचा पंखा धातूचा बसवून घेतातही. पण याने वयाचा नियम मोडत नाही. होज रबरीच राहतात, पंपाचे सील आणि बेअरिंग झिजतच असतात, आणि कूलंटमधली गंज रोखणारी द्रव्ये संपली की अ‍ॅल्युमिनियमही खाल्ले जाते. दुसरा आक्षेप जिवाचा आहे आणि तो हलका नाही. गरम इंजिनाचे झाकण उघडले की दाब उतरताच शंभर अंशांवरचे पाणी उसळून तोंडावर येते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हा तर मूर्खपणाच. पण या दोन्ही धोक्यांवरचे उपाय महागडे नाहीत. एक रात्र थांबणे आणि घोडीवर गाडी टेकवणे, इतकेच. उलट कूलिंगच्या कामात एक अंगभूत सुरक्षितता आहे: ते थंड गाडीवरच करता येते, आणि पाणी भरल्यावर हातपंपाने दाब देऊन, घड्याळ लावून, कुठे घसरतो का ते रस्त्यावर जाण्याआधीच तपासता येते. ब्रेकच्या कामात अशी सोय नसते.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे सारे जुन्या, पट्ट्यावर चालणाऱ्या पंपांच्या गाड्यांना ठीक, नव्या गाड्यांचे काय? २००६ साली आलेल्या ३३५आयच्या दोन टर्बोंच्या इंजिनात पट्ट्याचा पंप नाहीच. ४०० वॉटचा विजेचा पंप आहे, आणि तो किती फिरवायचा हे संगणक ठरवतो. सावकाश चालवताना इंजिन मुद्दाम जास्त गरम ठेवले जाते, जोरात चालवताना थंड केले जाते, गाडी बंद केल्यावरही टर्बो निववण्यासाठी पंप फिरत राहू शकतो. आणि हा पंप पूर्वसूचना न देता बंद पडण्याबद्दलच प्रसिद्ध झाला. इथे घरचा माणूस हरला असे वाटेल. प्रत्यक्षात पंप बदलणे गाडीखालून करायचे अडचणीचे, पण पाना-सॉकेटचेच काम आहे. हवा काढण्यासाठी तर लॅपटॉपही लागत नाही. हीटर पूर्ण गरमवर, पंखा मंद, इंजिन न लावता इग्निशन चालू आणि अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद दाबून धरायचा. पंप आपणहून बारा मिनिटे फिरून हवा बाहेर काढतो. संगणकाने इथे दुरुस्ती उलट सोपी केली. मात्र वयाचा नियम इथेही तोच: पंप काढलाच आहे तर शेजारचा थर्मोस्टॅट जुना ठेवणे म्हणजे तीच मेहनत पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवणे.

या युक्तिवादाला एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. पोर्शच्या ९९६ आणि ९९७ पिढीतील जीटी ३ गाड्यांत, तसेच ९९६ आणि सुरुवातीच्या ९९७ टर्बो गाड्यांत, अभियंते हान्स मेझगर यांच्या नावाने ओळखले जाणारे इंजिन आहे. १९९८ साली ल मान्स जिंकणाऱ्या जीटी १ गाडीशी त्याचे जवळचे नाते. त्यात पाण्याच्या काही तोट्या ओतीव घरांत चक्क चिकटद्रव्याने बसवलेल्या आहेत. वर्षानुवर्षे तापून-निवून ते चिकटद्रव्य सुटते, तोटी निसटते आणि सगळे कूलंट मागच्या चाकांसमोर सांडते. भर वेगात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. उपाय म्हणजे तोट्या वेल्ड करून किंवा खिळ्यांनी जखडून घेणे, आणि त्यासाठी बहुधा इंजिनच खाली उतरवावे लागते. हे घरी करणारे आहेत, पण त्यांना मी हौशी म्हणणार नाही. एम ३च्या बाबतीतही गाडी आधीच एकदा लाल पट्टीत जाऊन आली असेल तर पाने हातात घेण्यापूर्वी एक तपासणी करून घ्यावी: टाकीच्या तोंडावरची हवा निळ्या रसायनातून ओढली आणि ते पिवळे पडले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतो आहे, म्हणजे गॅस्केट गेले आहे. मग नवा रेडिएटर बसवण्यात अर्थ नाही.

आणि निघालेले जुने कूलंट गटारात ओतू नये. ते चवीला गोड असते, कुत्री-मांजरे चाटतात, आणि थोड्याशा ग्लायकॉलनेही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते जमा करावे.

अमेरिकेत विकली गेलेली ई-३६ पिढीची शेवटची एम ३ ही १९९९ सालचे मॉडेल. तिच्यात कारखान्यातला मूळचा रेडिएटर अजून असेल, तर त्याच्या नायलॉनला आता पंचवीस वर्षे उलटून गेली आहेत, आणि काटा अर्थातच मधोमध आहे.