अमेरिकेत लग्न झालं तरी ग्रीन कार्ड अडतं! काय आहे जे-१ व्हिसाचा दोन वर्षांचा नियम?

मुलगी एमबीबीएस झाली, पुढच्या ट्रेनिंगला अमेरिकेत गेली. तिथल्याच नागरिक असलेल्या मुलाचं स्थळ आलं. ‘आता लग्न झालं की ग्रीन कार्ड मिळणारच,’ असं घरचे धरून चालतात. पण मुलगी जे-१ व्हिसावर गेली असेल, तर लग्नाचा दाखला हातात असूनही ग्रीन कार्ड अडू शकतं. कारण आहे मायदेशी दोन वर्षं राहण्याची अट.

नियम काय सांगतो?

जे-१ हा शिकण्या-शिकवण्याच्या देवाणघेवाणीचा व्हिसा आहे. संशोधक, प्राध्यापक, शिष्यवृत्तीचे विद्यार्थी, ट्रेनिंगचे डॉक्टर यावर जातात. तिथं शिकलेलं आपल्या देशाच्या कामी यावं, हा यामागचा हेतू. म्हणून काही जणांना कोर्स संपल्यावर एकूण दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. तोपर्यंत ग्रीन कार्ड नाही, नोकरीचे एच आणि एल व्हिसा नाहीत, अमेरिकी नागरिकाशी ठरलेल्या लग्नासाठी मिळणारा के व्हिसाही नाही.

लग्नाला बंदी नाही. नवरा किंवा बायको नागरिक असेल तर नात्याचा अर्जही मंजूर होऊ शकतो. अडतं ते पुढच्या पायरीवर, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्डाच्या वेळी.

अट कोणाला लागते?

जे-१ वाल्या सगळ्यांना नाही. कारणं तीन:

१. अमेरिकेच्या किंवा आपल्या सरकारच्या पैशातून गेलेले. उदाहरणार्थ, फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवाले.
२. रेसिडेन्सी किंवा फेलोशिप ट्रेनिंगला गेलेले डॉक्टर.
३. मायदेशाला ज्या कौशल्यांची गरज आहे, त्यांच्या यादीत ज्यांचा विषय बसतो ते.

तिसऱ्या कारणात मोठा बदल झालाय. ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या यादीत भारत नाही. त्यामुळे केवळ यादीमुळे अडकलेल्या भारतीयांची अट सुटली, आधी गेलेल्यांचीसुद्धा. पहिली दोन कारणं मात्र तशीच आहेत.

आणखी एक गोष्ट. जोडीदारासोबत जे-२ व्हिसावर गेलेली बायको, नवरा आणि मुलं यांनाही हीच अट लागते.

दोन वर्षं कशी मोजतात?

सलग राहायची सक्ती नाही, तुकड्या-तुकड्यांनी भरलेले दिवसही एकत्र मोजतात. पण ते मायदेशातच भरले पाहिजेत. दुबई किंवा कॅनडात काढलेली वर्षं भारतीयाला धरत नाहीत. म्हणून पासपोर्टवरचे शिक्के, नोकरीचे कागद जपून ठेवा.

माफी मिळते का?

मिळू शकते. त्याला ‘वेव्हर’ म्हणतात. मार्ग पाच आहेत:

१. आपल्या सरकारची ‘हरकत नाही’ अशी चिठ्ठी. भारतीयांसाठी ही भारतीय दूतावासामार्फत जाते. ट्रेनिंगला गेलेल्या डॉक्टरांना हा मार्ग बंद आहे.
२. अमेरिकेच्या एखाद्या सरकारी खात्यानं ‘हा माणूस आम्हाला हवा’ असं कळवणं.
३. डॉक्टरांसाठी कॉनराड योजना. डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं. एका राज्याला वर्षाला ३० जागा असतात. तिथली संसद या योजनेला वेळोवेळी मुदतवाढ देते.
४. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जोडीदार वा मूल यांना असाधारण त्रास होईल, हे दाखवणं. नुसती ताटातूट पुरत नाही. जोडीदार सोबत भारतात आला तरी त्रास आणि तिकडेच थांबला तरी त्रास, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद महत्त्वाचे.
५. मायदेशी परतल्यास धर्म, वंश किंवा राजकीय मतामुळे छळ होण्याची भीती.

लग्नाची बोलणी करताना काय विचाराल?

‘अमेरिकेत आहे’ एवढ्यावर थांबू नका. व्हिसा कोणता, हे स्पष्ट विचारा. एच-१बी किंवा विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसाला ही अट नसते. पण त्याआधी कधी जे-१ वर गेले असतील आणि अट लागलेली असेल, तर व्हिसा बदलला तरी ती सुटत नाही. जे-१ असेल तर पासपोर्टवरचा व्हिसा आणि डीएस-२०१९ हा फॉर्म पाहा. अट लागू आहे की नाही, याची नोंद सहसा तिथं असते. ती नोंद शेवटचा शब्द नाही. शंका असेल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून लेखी मत मागवता येतं.

‘लग्न लावा, अट आपोआप सुटेल’ असं सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. नुसत्या कागदासाठी केलेलं लग्न हा अमेरिकेत गुन्हा आहे. तारीख काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवून घ्या.