किडनीची वही (भाग 9) : तांदळाची चालेल का?

आदिलाबादजवळच्या आमच्या बेल्याकडे दारू म्हणजे मोहाची, नाहीतर शिंदी-ताडी. तेलुगूत तिलाच कल्लू म्हणतात. तांदळाची दारू इथली नव्हे. ती बस्तरात लांदा, झारखंड-ओडिशात हंडिया. तरी किडनीच्या पेशंटांकडून हा प्रश्न येतोच : ‘‘मोहाची सोडली. तांदळाची घेतली तर? भात तर पथ्यात आहे ना?’’

प्रश्न हुशारीचा आहे. डाळी आणि ज्वारी-बाजरीपेक्षा भातात पोटॅशियम कमी, म्हणून किडनीच्या पथ्यात भाताला मान. पण याच न्यायाने मोहाचीही सुटते! दारू गाळताना वाफ वर जाते, पोटॅशियम खाली मडक्यातच राहतं. शिंदी-ताडी मात्र गाळलेली नसते. झाडाचा रस पोटॅशियमसकट पेल्यात उतरतो, आणि किडनी दमलेली असेल तर तेच पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं.

तांदळाच्या दारूची खोट वेगळी. ती सौम्य असते, म्हणून तांब्याने प्यायली जाते. लघवी जवळजवळ बंद झालेल्या डायलिसिसच्या माणसाला दिवसाचं पाणी किती? ढोबळ हिशेब असा : काल झाली तेवढी लघवी, अधिक 500 मिली. त्यातच चहा, ताक, वरणाचं पाणी. अर्ध्या लिटरचा एक तांब्या झाला की दिवसाचा कोटा संपला. एक लिटर पाणी अंगात साठलं की काट्यावर एक किलो वाढतो. आधी पाय सुजतात, मग आडवं झालं की दम लागतो. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात डायलिसिसच्या यंत्राला लावल्यावर तेच पाणी चार तासांत ओढायचं, म्हणजे पायांत गोळे येणार, बीपी पडणार. आणि चखणा? सुकट, पापड, लोणचं. मीठ पोटात गेलं की पुन्हा तहान.

मला सगळ्यात भीती वाटते ती साखरेच्या पेशंटची. किडनी मंदावली की इन्शुलिन आणि साखरेच्या काही गोळ्या अंगात जास्त वेळ रेंगाळतात. वरून दारू यकृताला नवी साखर तयार करू देत नाही. रात्री जेवण टाळलं असेल तर साखर धाडकन खाली येते. जीभ जड होते, घाम फुटतो, माणूस बरळतो. घरचे म्हणतात, ‘‘आज जास्त झाली, झोपू द्या.’’ तसं झोपवू नका, आधी साखर तपासा. यंत्र नसेल आणि माणूस गिळू शकत असेल तर साखरपाणी पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा.

सकाळी डोकं ठणकतं म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन ही त्याच रात्रीची दुसरी चूक. कधी कधी तर दारूपेक्षा तीच महागात पडते, कारण या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात.

‘ताडी नैसर्गिक’ हेही ऐकून घेतो. तेलंगणात कल्लूत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळल्याची प्रकरणं जुनी आहेत. जुलै 2025 मध्ये हैदराबादच्या कुकटपल्लीत भेसळीच्या कल्लूने माणसं दगावली आणि काहींना तिथल्या निम्स रुग्णालयात डायलिसिसवर ठेवावं लागलं. त्यातल्या अनेकांच्या किडन्या आदल्या दिवसापर्यंत धडधाकट असतील. तुमची तर आधीच दुखरी.

मग अजिबात नाही का? आजार पहिल्या टप्प्यात असेल, बीपी ताब्यात आणि यकृत ठीक असेल, तर क्वचित थोडीशी घ्यायला काही डॉक्टर हरकत घेत नाहीत. डायलिसिसवर असाल तर माझं उत्तर ‘नको’ असं आहे, मग ती तांदळाची असो की मोहाची.

लपवू मात्र नका. घरातला रोजचा पेला पाण्याने भरून मापाने मोजा, आणि पुढच्या तपासणीला तो आकडा डॉक्टरांना खरा सांगा.

(पुढच्या आठवड्यात : गुडघेदुखीच्या गोळ्या)