वाघ, ताड आणि गव्हर्नरसाहेब

पाचशेची नोट हातात घ्या आणि घटकाभर गांधीजींवरून नजर हटवा. त्यांच्या चित्राच्या उजवीकडे पाचशे रुपये देण्याचं वचन छापलंय, त्याखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आणि सहीखाली एक छोटंसं गोल चिन्ह. चष्मा असेल तर चढवा, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघा. काय दिसलं? ताडाचं एक झाड आणि त्याच्या पुढ्यात एक वाघ.

आता सांगा, वाघाचा आणि बँकेचा संबंध काय? तराजू असता, तिजोरी असती, गेला बाजार लक्ष्मीचं कमळ असतं, तर समजलं असतं. 'घाबरू नका, पैसे सुरक्षित आहेत' हे लोकांना पटवणं हेच जिचं मुख्य काम, त्या संस्थेनं माणसं खाणारा प्राणी का निवडावा? आणि रानातल्या वाघाला ताडाखाली आणून उभं केलं कोणी?

उत्तर एका सोन्याच्या नाण्यात आहे.

रिझर्व्ह बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ रोजी. तेव्हा ती भागधारकांची बँक होती. शेअर सर्टिफिकेटांवर उठवायला शिक्का लागणार होता आणि तोही लगेच. मग जुन्या मोहरा, शिक्के, नाणी धुंडाळली गेली आणि त्यातून ईस्ट इंडिया कंपनीची दुहेरी मोहर पसंत पडली. १८३५ सालचं, चौथ्या विल्यमच्या नावाचं हे नाणं. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला सिंह आणि ताड. सिंह इंग्लंडच्या राजाचा, ताड पूर्वेच्या मुलखातला. कोण कोणाच्या जमिनीवर उभा आहे हे सांगायला एक अक्षरही लागत नाही!

पण हिंदुस्थानच्या बँकेला हिंदुस्थानचा प्राणी हवा, असा विचार झाला. वाघ हा इथला खास प्राणी, म्हणून सिंहाच्या जागी वाघ घ्यायचं ठरलं. झाड तसंच ठेवलं. इंग्रजांचं राज्य, कारभार इंग्रज अधिकाऱ्यांचा, आणि कंपनीच्या सिंहाला उठवून त्याच्या जागी देशी वाघ बसवला गेला. तोसुद्धा मोर्चा नाही, घोषणा नाही, नुसत्या कागदोपत्री. स्वतंत्र भारतात राष्ट्रीय प्राण्याचा मान सिंहाकडून वाघाकडे आला तो थेट १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे बँक देशाच्या साडेतीन दशकं पुढे!

वाघ घ्यायचं ठरवणं सोपं, वाघ काढणं अवघड. मद्रासच्या एका कंपनीला शिक्का कोरायचं काम दिलं गेलं. २३ फेब्रुवारी १९३५ च्या बैठकीत संचालक मंडळानं आराखडा मंजूर केला, पण प्राण्याचं रूप जरा सुधारा, असंही सुचवलं. हातात वेळ नव्हता. मोठे बदल करणं शक्य नव्हतं. शिक्का होता तसा वापरात आला.

दुसरं कोणी असतं तर विषय तिथेच संपला असता. डेप्युटी गव्हर्नर सर जेम्स टेलर यांना मात्र तो वाघ काही स्वस्थ बसू देईना. त्यांनी सरकारी टांकसाळीकडून आणि नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसकडून नवी रेखाटनं मागवली. चित्रकारांसमोर चांगला नमुना हवा म्हणून कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर या आलिशान वास्तूच्या फाटकावर वाघाचा पुतळा होता, त्याचा फोटो काढून घेतला. तरी मनासारखं जमेना. घरात लग्नपत्रिका ठरताना गणपती जरा डावीकडे घ्या, ही वेलबुट्टी काढा, हा रंग नको, असं चालतं ना? तसंच इथे चाललं होतं. फरक एवढाच, की ही पत्रिका साऱ्या देशाच्या हातात जाणार होती.

सप्टेंबर १९३८ उजाडला. टेलर एव्हाना गव्हर्नर झाले होते. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या नोटा त्याच वर्षी बाजारात आल्या होत्या आणि त्यांवर सही याच टेलरसाहेबांची होती. देशाच्या चलनाचा भार डोक्यावर असलेला हा माणूस त्या महिन्यात काय लिहितो? एका चित्रकाराचं झाड ठीक आहे, पण त्याचा वाघ कुत्र्याच्या कुठल्याशा जातीतला वाटतो. बँकेनं कुत्रा आणि झाड असं चित्र लावलं तर टवाळांना आयतंच खाद्य मिळेल, अशी त्यांना धास्ती. (कुत्रा झाडापाशी जाऊन काय करतो, ते लिहायची गरज त्यांना भासली नाही.) दुसऱ्या चित्रकाराचा वाघ झकास, पण झाडानं घात केलेला. खोड नको इतकं लांब, फांद्या कोळ्याच्या पायांसारख्या काटकुळ्या. मग साहेब उपायही सुचवतात. या वाघाच्या पायांखाली एक ठसठशीत रेघ ओढा, झाड ठेंगणं आणि दणकट करा, जमून जाईल.

काय नजर आहे बघा! पायाखाली रेघ नसेल तर वाघ हवेत तरंगतो, रेघ आली की त्याचं वजन जमिनीवर येतं. चित्रकलेच्या शिक्षकानं द्यावी अशी सूचना देशाची मध्यवर्ती बँक चालवणारा माणूस देत होता.

अखेर नाशिकच्या प्रेसमधून बरे नमुने आले. आता शिक्का बदलणार, असं तुम्हाला वाटेल. छे! शिक्क्याला हात लावायचा नाही असं ठरलं. नवं रेखाटन बँकेचं बोधचिन्ह म्हणून नोटा, पत्रं, धनादेश आणि प्रकाशनांवर आलं. म्हणजे ज्याच्यावरून एवढा खटाटोप झाला, तो मूळचा वाघ शिक्क्यावर जसाच्या तसा राहिला आणि नाशिकचा देखणा वाघ तुमच्या पाकिटात आला.

आता नोटेच्या उजव्या कडेकडे सरका. तिथे अशोकस्तंभाचे सिंह आहेत. त्यांच्यावरून बोट फिरवा. खडबडीत लागतंय? शाई मुद्दाम उठावदार ठेवली आहे, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना स्पर्शानं नोट ओळखता यावी. राजमुद्रा बोटांनी वाचता येते, ही कल्पनाच मला भारी वाटते.

हे सिंह मूळचे सारनाथचे. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकानं उभारलेल्या स्तंभाचा हा माथा, चुनारच्या वालुकाश्मातला, सुमारे सात फूट उंच. कित्येक शतकं तो मातीखाली गडप होता. १९०४-०५ च्या हंगामात एफ. ओ. ओर्टेल या इंजिनिअरनं तिथे उत्खनन केलं आणि तो सापडला. स्तंभाचे तुकडे झालेले, पण सिंहांवरची झिलई कायम. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी दगडाला दिलेली ती चकाकी सारनाथच्या संग्रहालयात आजही दिसते.

सिंह किती आहेत? नोटेवर तीन दिसतात, असतात चार. पाठीला पाठ लावून बसल्यामुळे चौथा नेहमीच लपलेला. त्यांच्या पायांखालच्या गोल पट्टीकडे नीट बघा, कारण खरी करामत तिथे आहे. मधोमध चक्र, आपल्या उजव्या हाताला बैल, डाव्या हाताला चौखूर उधळलेला घोडा. मूळ दगडाला फेरी मारली तर मागच्या बाजूला हत्ती आणि आणखी एक सिंह भेटतो. चार प्राणी, चार चक्रं, एकाआड एक. प्राणी उभे नाहीत, सगळे एकाच दिशेनं निघालेत. ते चक्र ढकलत निघालेत की काय, असं वाटावं इतकी त्यांना गती आहे. ते चार प्राणीच का? कोणी त्यांत बुद्धाचं आयुष्य पाहतं: मायादेवीच्या स्वप्नातला हत्ती, गृहत्यागाच्या रात्रीचा घोडा. कोणी त्यांना चार दिशा मानतं. अशोकानं खुलासा लिहून ठेवलेला नाही आणि अभ्यासकांचा वाद सुरू आहे. राष्ट्रध्वजावरचं चोवीस आऱ्यांचं चक्र मात्र याच पट्टीवरून आलं, यात वाद नाही.

आता यातून काय काय गळालं ते मोजा. मुळात सिंहांच्या डोक्यावर एक भलंमोठं चक्र होतं. ते फुटलं, त्याचे नुसते तुकडे हाती लागले. सिंहांच्या पट्टीखाली घंटेच्या आकाराचं उलटं कमळ आहे, तेही २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेल्या राजमुद्रेत घेतलेलं नाही. हत्ती आणि खालचा सिंह मागच्या बाजूचे म्हणून दिसेनासे झाले. अशोकाच्या स्तंभावर नव्हते ते 'सत्यमेव जयते' हे शब्द मुंडकोपनिषदातून आले. बौद्ध धर्मचक्राचे सिंह, उपनिषदातलं वचन आणि त्याखाली एका लोकशाही प्रजासत्ताकाचा कारभार! इतकी दूरदूरची माणसं एकाच चिन्हात नांदतात आणि आपण सरकारी पाकिटावर ते बघून पाकीट फाडतो.

नोटेवरची त्यांची जागाही सहज मिळालेली नाही. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडच्या राजाचा चेहरा काढायचा होता आणि तिथे गांधीजींचं चित्र घ्यावं असं आधी मनात होतं. नमुनेही तयार झाले. शेवटी एकमत झालं ते सिंहांवर आणि १९४९ मध्ये एक रुपयाची नोट सिंहांसह आली. गांधीजी नोटेवर आले १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला. पाठीमागे आपल्या वर्ध्याच्या सेवाग्रामचा आश्रम आणि पुढे बसलेले बापू.

हेच सिंह राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितातही आहेत. त्याची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी केली. सिंहांचं काम दीनानाथ भार्गव या तरुण शिष्याकडे आलं. दगडातले सिंह काढायचे तर जिवंत सिंह बघून ये, असं गुरूंनी बजावलं आणि भार्गव कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन सिंह न्याहाळत बसत, असं सांगतात. हे प्राणिसंग्रहालय आहे अलीपूरला. आणि टेलरसाहेबांनी ज्या फाटकावरच्या वाघाचा फोटो काढवला, ते बेल्व्हेडिअर? तेही अलीपूरलाच, प्राणिसंग्रहालयाच्या अगदी समोर! आज तिथे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. बँकेच्या वाघासाठी लोक रस्त्याच्या एका बाजूला गेले, राज्यघटनेच्या सिंहांसाठी दुसऱ्या बाजूला, मधे दहा-बारा वर्षांचं अंतर आणि एका राज्याचा अस्त. हे कोणी ठरवून केलेलं नाही, म्हणून तर मला त्याची जास्त गंमत वाटते.

जरा खाली या. उजव्या कोपऱ्यात पाचशेचा आकडा आणि त्याआधी रुपयाचं चिन्ह. नोट तिरपी करा, हिरवा रंग निळा होतो. हे चिन्ह या कागदावरच्या मंडळींत अगदी पोरवयाचं, जन्म १५ जुलै २०१०. तीन हजारांहून जास्त प्रवेशिकांमधून निवडलं गेलेलं हे काम डी. उदयकुमार यांचं, ते पवईच्या आयआयटीत डिझाइनचे विद्यार्थी होते. देवनागरी 'र' तर आपण लगेच ओळखतो. रोमन लिपी वाचणाऱ्याला तिथेच उभी दांडी काढून टाकलेला 'आर' दिसतो. एकाच वळणात दोन लिप्या! वरच्या दोन आडव्या रेघांत शिरोरेखा आहे, बरोबरीचं चिन्ह आहे आणि मधल्या पांढऱ्या जागेसकट तिरंग्याचे तीन पट्टेही आहेत. जगातल्या कितीतरी चलनचिन्हांत रोमन अक्षरावर रेघा मारलेल्या दिसतात. इथे रेघ बाहेरून आणावीच लागली नाही. आपली अक्षरं मुळातच रेघेला लटकलेली असतात.

नोट उलटी करा. लाल किल्ला आहेच, पण त्याच्या शेजारी बघा: स्वच्छ भारतचा गोल चष्मा. एका भिंगात 'स्वच्छ', दुसऱ्यात 'भारत' आणि नाकावरच्या दांडीत तिरंगा. हा चष्मा कोल्हापूरचा आहे! लोकांसाठी खुल्या ठेवलेल्या स्पर्धेत कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचं हे बोधचिन्ह निवडलं गेलं. २०१४ च्या गांधीजयंतीला ते जाहीर झालं आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटांवर आलं. बोधचिन्ह काढणाऱ्याला नेहमी धाक असतो तो ओळख पटेल का याचा. इथे चेहरा नाही, नाव नाही, टक्कल नाही, काठी नाही, आणि तरी चष्मा कोणाचा हे शाळकरी पोरही सांगतं. नुसत्या दोन गोल काचांवरून ओळखता येतील अशी माणसं जगात किती असतील?

म्हणजे एका नोटेवर गांधीजी दोनदा झाले, पुढे चेहऱ्यानं आणि मागे चष्म्यानं. खरं तर तीनदा. नोट ट्यूबलाइटसमोर धरा. जी जागा कोरी वाटत होती तिथे जलचिन्हात ते पुन्हा आहेत, शेजारी ५०० चा आकडा घेऊन.