बेशुद्ध रुग्णाची संमती

रुग्णावर 'प्रयोग' झाला असे कानावर आले की सामान्य माणूस सावध होतो, आणि त्याने तसे व्हावे हे योग्यच आहे. त्यातून तो रुग्ण अपघातात जबर जखमी होऊन बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलेला असेल, सोबत कोणी नातलग नसेल, तर अशा असहाय माणसावर संशोधन करण्याची कल्पनाच अनेकांना अमानुष वाटते. या भावनेचा आदर राखूनही एक प्रश्न विचारणे भाग आहे. त्याच रुग्णाला त्या रात्री जे उपचार दिले जातात ते उपकारक आहेत, हे आपल्याला कशावरून ठाऊक असते? पुष्कळदा ते ठाऊक नसते. तशी केवळ समजूत असते. सिद्ध न झालेला उपचार सरसकट देणे हाही प्रयोगच होय. फरक एवढाच की, त्यात कोणाची संमती घेतली जात नाही, कोणी नोंद ठेवत नाही आणि त्यातून कोणी काही शिकत नाही.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना स्टेरॉइड देण्याच्या प्रथेचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. स्टेरॉइडने सूज उतरते. मार लागलेल्या मेंदूला सूज येते. तेव्हा स्टेरॉइडने अशा रुग्णाचे प्राण वाचत असले पाहिजेत, हा तर्क वरकरणी निर्दोष होता. त्या बळावर जगभर तीस वर्षांहून अधिक काळ हे औषध वापरले गेले. लहानसहान चाचण्यांतून काहीच निष्पन्न होत नव्हते. अखेर 'क्रॅश' या नावाने एक मोठी चाचणी हाती घेण्यात आली. कोणाला औषध द्यावयाचे आणि कोणाला तसेच दिसणारे निष्क्रिय द्रावण, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविण्यात आले. कारण वैद्याच्या पसंतीनापसंतीचा निष्कर्षावर परिणाम होऊ न देण्याचा दुसरा मार्ग नाही. वीस हजार रुग्णांचा संकल्प होता. परंतु 2004 मध्ये, 10,008 रुग्ण झाल्यावर, चाचणी थांबवावी लागली. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी 21.1 टक्के रुग्ण दगावले होते, तर न मिळालेल्यांपैकी 17.9 टक्के. याचा अर्थ असा की, प्राण वाचविण्यासाठी दिलेले औषध शंभरामागे सुमारे तीन अधिक बळी घेत होते. तोपर्यंतच्या तीन दशकांत असे किती जीव गेले असतील, याचा हिशेब आता कोणीही देऊ शकणार नाही. ते देणारे वैद्य दुष्ट वा अज्ञानी नव्हते. त्यांनी विचारले नव्हते, एवढेच.

हे उदाहरण अपवादात्मक आहे असे मानण्याचे कारण नाही. गंभीर संसर्गाने ग्रासलेल्या आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलाला शिरेतून झपाट्याने सलाइन द्यावे, हा सर्वत्र शिकविला जाणारा धडा होता. केनिया, युगांडा आणि टांझानिया येथील तीन हजारांहून अधिक मुलांवर तो पारखून पाहिला गेला आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झपाट्याने द्रव दिलेल्या मुलांपैकी सुमारे साडेदहा टक्के मुले 48 तासांत दगावली. असा द्रव न दिलेल्यांत हे प्रमाण 7.3 टक्के होते. मोठ्या रुग्णालयांतील साधनसामग्री गृहीत धरून रचलेला धडा तिच्या अभावी कसा विपरीत ठरू शकतो, हे त्या मुलांमुळे जगाला कळले.

आपल्याकडचा अनुभवही यापेक्षा निराळा नाही. 2021 च्या वसंतात करोनाच्या दुसऱ्या लाटेत बऱ्या झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा मिळविण्यासाठी लोक रात्रंदिवस वणवण करीत होते. वस्तुतः भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्येच देशातील 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर त्याची चाचणी घेतली होती आणि आजार बळावण्यावर वा मृत्यूवर त्याचा काही परिणाम होत नाही, असे दाखवून दिले होते. तरीही अधिकृत उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळण्यास मे 2021 उजाडला. उलट, मेंदूच्या दुखापतीत घातक ठरलेल्या स्टेरॉइड-वर्गातीलच डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध करोनाच्या अत्यवस्थ रुग्णांना तारक ठरले. ब्रिटनमधील चाचणीत कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र लाभ झाला नाही. एका ठिकाणी विष ठरणारे द्रव्य दुसऱ्या ठिकाणी अमृत ठरते, हे तर्काने नव्हे, तर पडताळणीनेच उमगले.

अशी पडताळणी सर्वांत अधिक आवश्यक आहे ती अपघातग्रस्तांच्या बाबतीत. 2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत कमावती तरुण माणसे मोठ्या संख्येने होती आणि अतिरक्तस्राव हे अशा मृत्यूंचे एक प्रमुख कारण असते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारे औषध जपानमधील ओकामोटो दांपत्याने 1960 च्या दशकाच्या प्रारंभी शोधून काढले होते. ते जुने आणि स्वस्त असल्यामुळे अपघातातील त्याची उपयुक्तता तपासण्यात कोणा कंपनीला मोठा नफा दिसण्याजोगा नव्हता. अखेर लंडनमधील संशोधकांच्या पुढाकाराने चाळीस देशांतील 274 रुग्णालयांनी 20,211 जखमींवर ते पारखले. त्यात भारतातील रुग्णांचा वाटा मोठा होता. 2010 मध्ये निष्कर्ष आला: मृत्यूंचे प्रमाण 16 टक्क्यांवरून 14.5 टक्क्यांवर उतरले. हजार जखमींमागे पंधरा माणसे वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. पुढील वर्षीच्या विश्लेषणात आणखी एक महत्त्वाची बाब पुढे आली. दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिले तरच हे औषध तारते. त्यानंतर दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढण्याचा संभव असतो.

संमतीचा पेच येथेच उभा राहतो. ज्या औषधाचा गुण मिनिटामिनिटाला ओसरतो, त्याच्या चाचणीत नातलगाचा शोध घेणे, त्याला गाठून सारे समजावून सांगणे आणि सही घेणे यांत तास गेला, तर त्या रुग्णाची हानी होते आणि औषधाचा खरा गुणही झाकला जातो. भेदरलेल्या भावाने वा पत्नीने त्या घडीला केलेली सही ही समजून दिलेली संमती असते, असे तरी कोण म्हणेल? अमेरिकेने 1996 मध्ये आणि ब्रिटनने 2006 मध्ये नियम बदलून, अशा प्रसंगी काही कठोर अटींवर पूर्वसंमतीविना चाचणीस वाव दिला. आपल्या 2019 च्या औषधचाचणी नियमांत रुग्ण असमर्थ असल्यास त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीच्या संमतीची तरतूद आहे. पण प्रतिनिधी हाताशी नसेल आणि घटका भरत आली असेल, तर काय करावयाचे, याचे निःसंदिग्ध उत्तर आपल्या वैद्यांना आणि नीतिसमित्यांना मिळावयास हवे.

यावरचा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. सार्वजनिक रुग्णालयात येणारा जखमी बहुधा गरीब असतो. चाचण्यांत गरिबांना पुरते न सांगता ओढल्याच्या तक्रारी या देशात झाल्या आहेत. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांची कठोर दखल घ्यावी लागली. तेव्हा संशोधकांना मोकळे रान द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु गरिबाचे रक्षण म्हणजे त्याला संशोधनातून वगळणे नव्हे. वगळल्याने तो प्रयोगातून सुटत नाही. दुसऱ्या देशांतील, दुसऱ्या परिस्थितीतील रुग्णांवर सिद्ध झालेले किंवा मुळीच सिद्ध न झालेले उपचार त्याच्या वाट्याला येतात.

त्यामुळे मार्ग अटींचाच असला पाहिजे. उपचाराच्या दोन पर्यायांपैकी चांगला कोणता, याविषयी जाणकारांत खरोखर अनिश्चितता असावी. जे औषध पारखावयाचे, ते प्रत्यक्ष त्या रुग्णालाही हितकारक ठरण्याची वाजवी शक्यता असावी. नीतिसमितीने आणि संशोधनाशी संबंध नसलेल्या वैद्याने आधी परवानगी द्यावी. रुग्ण शुद्धीवर येताच वा नातलग भेटताच सारे सांगून पुढील संमती घ्यावी आणि नकार आल्यास त्याच क्षणी थांबावे. हानी झाल्यास भरपाई विनाविलंब मिळावी. चाचणीची माहिती त्या परिसरातील लोकांना मराठीत आधीच जाहीर केलेली असावी आणि निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध झालाच पाहिजे. सर्वांत महत्त्वाचे हे की, जे औषध गुणकारी ठरेल ते तालुक्याच्या रुग्णालयात आणि रुग्णवाहिकेत वेळेत उपलब्ध व्हावे. ज्यांच्या देहावर ज्ञान मिळविले, त्यांच्याच गावी ते पोहोचले नाही, तर चाचणीचा नैतिक आधारच नाहीसा होतो.

हे काम वैद्यांवर सोपवून समाजाला अलिप्त राहता येणार नाही. महामार्गावरून जाणारा आपल्यापैकी कोणीही उद्या त्या खाटेवर निपचित पडलेला असू शकतो. त्या वेळी काय चालेल आणि काय चालणार नाही, हे शुद्धीवर असताना, विधिमंडळात, संसदेत आणि वृत्तपत्रांत चर्चा करून आपणच ठरविले पाहिजे. बेशुद्ध रुग्णाची संमती त्याच्या उशाशी उभे राहून मिळणार नाही. ती आजच, सर्वांच्या साक्षीने केलेल्या नियमांतून द्यावी लागेल.