उचलून घेणारं माणूस

१९६६ साली हुकूमशहा चाउशेस्कूने रोमानियात गर्भपातावर बंदी आणली आणि पुढे सरकारी अनाथालयं भरून गेली. तिथे दूध, कपडे मिळत; रडल्यावर उचलून घेणारं हक्काचं माणूस नव्हतं. तान्ह्या बाळासाठी हाच मोठा ताण, कारण त्या वयात मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात त्या समोरच्याच्या प्रतिसादातून. बुखारेस्टमध्ये २००० साली नेल्सन, फॉक्स आणि झीना या संशोधकांनी अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं प्रतिपालक कुटुंबांत पाठवली. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची बुद्धी, माया लावण्याची क्षमता आणि मेंदूतल्या विद्युतलहरी बऱ्याच सावरल्या. मला सर्वांत अस्वस्थ करतं ते पुढचं: अवधानाच्या अडचणी मात्र घर मिळूनही फारशा हटल्या नाहीत.