ळ (वर्ण)

मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर येणारे मूर्धन्य पार्श्विक व्यंजन. जिभेचे टोक मागे वळवून टाळूस लावले असता व हवा जिभेच्या बाजूंनी बाहेर पडू दिली असता हा ध्वनी उमटतो. मराठीत तो शब्दारंभी येत नाही; मात्र ‘काल’–‘काळ’, ‘वेल’–‘वेळ’ अशा जोड्यांत केवळ त्याच्यामुळे अर्थभेद होतो.

ऋग्वेदाच्या शाकल शाखेत दोन स्वरांमधील ‘ड’चा ‘ळ’ आणि ‘ढ’चा ‘ळ्ह’ होतो. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तातील ‘ईळे’ हे रूप (अभिजात संस्कृतात ‘ईडे’) याचे प्रसिद्ध उदाहरण होय. हा नियम ऋक्‌प्रातिशाख्यात नोंदलेला आहे. माहेश्वर सूत्रांत मात्र ‘ळ’ नाही व अभिजात संस्कृतात तो लोप पावला. पालीत तो आढळतो.

मराठीतील ‘ळ’ बहुतांशी प्राकृतातील स्वरमध्यस्थ एकेरी ‘ल’पासून आला; उदा., फल–फळ. द्वित्त ‘ल्ल’चा मात्र ‘ल’ राहिला, उदा., कल्य–कल्ल–काल. ‘गुड’पासून ‘गूळ’, ‘षोडश’पासून ‘सोळा’ यांत मुळातील ‘ड’ दिसतो.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अहिराणी आणि लेवा गणबोली यांत या ‘ळ’चा सामान्यतः ‘य’ होतो : डोळा–डोया, केळी–केयी, जळगाव–जयगाव, धुळे–धुये. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेतील ‘वढाय’ म्हणजे प्रमाण मराठीतील ‘ओढाळ’. वऱ्हाडीतही हा बदल आढळतो. उलट, उत्तर कोकणातील आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो. भारताबाहेर, स्पॅनिशच्या अनेक बोलींत तालव्य लकाराचा उच्चार यकारासारखा होतो. या बदलामुळे ‘काळ’ व ‘काय’ यांसारखे मूळचे भिन्न शब्द समोच्चारी होतात व अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो.

लेखनात मात्र ‘ळ’ कायम राहिल्याने घरी ही बोली बोलणाऱ्या खानदेशातील मुलास बोलीत नसलेला वर्ण शाळेत शिकावा लागतो. प्रमाण लेखनासाठी हे आवश्यक असले, तरी ‘डोया’ हा उच्चार अशुद्ध वा आळशी ठरत नाही. प्राचीन वैयाकरणांनी डकाराचा ळकार दोष म्हणून नव्हे, तर नियम म्हणून नोंदविला. ळकाराचा यकारही तितकाच नियमबद्ध असल्याने त्याची गणना ध्वनिपरिवर्तनात करणे युक्त होय.